चाळीस टोपल्यांचं समीकरण

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. दिवा गावाच्या खाडीतली सुसर आगगाडीच्या शिट्टीला ओ देते म्हटलं, तर चार जण मान डोलावतात. पारसिकच्या डोंगरातल्या भुतानं पाड्यावर येऊन मीठ उसनं मागितलं म्हटलं, तर म्हातारी माणसं भुताचं आडनावसुद्धा सांगतात. पण जित्या माणसाचा पाय ठेवायचा की कापायचा, हे शाळेच्या दगडी पाटीवर ठरलं म्हटलं, की हीच मंडळी चिलीम खाली ठेवून हसतात. हसा. हसून झालं की ऐका.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. दिव्याच्या अलीकडं, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या पाड्यावर मराठी शाळा निघाली आणि महिपत मास्तरांना तिथं धाडलं. मास्तर साताऱ्याकडचे. खाडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. पहिल्या दिवशी भरती चढली तेव्हा ‘पूर आला, पूर आला’ करत ते शाळेच्या छपरावर जाऊन बसले, ते ओहोटी लागल्यावरच उतरले. पाड्याला त्यांची पहिली ओळख झाली ती ही.

दुसरी ओळख झाली ती त्यांच्या क्षची. पुण्याला मास्तरकी शिकताना त्यांना बीजगणिताचं वेड लागलं होतं. जे ठाऊक नाही त्याला क्ष म्हणायचं, आणि ठाऊक असल्यासारखं चारचौघांत वागवायचं. मग तो आपणहून आपलं खरं नाव सांगतो, असं ते पोरांना शिकवत. पोरं होती चार. तीही पावसाळ्यापुरती. मीठ पिकायला लागलं की शाळेत फक्त मास्तर आणि क्ष.

हे बदललं ते काळुरामच्या म्हशीमुळं. काळुराम म्हणजे पाड्यावरचा खाडीचा जाणता. भरती-ओहोटी त्याला विचारून येते असं लोक म्हणत. त्याची दुभती म्हैस एका पहाटे चोरानं नेली. पावलं पनवेलच्या अंगाला गेलेली. बायका रडताहेत, बाप्ये कोयते शोधताहेत, आणि मास्तर पाटी घेऊन मध्ये उभे.

“चोर तुमच्या आधी किती निघाला?”

“दोन तास झालं असतील. मास्तर, बाजूला व्हा!”

“म्हैस हाकत तो तासाला पाऊण कोस जाईल. तुम्ही दीड कोस जाल. तुम्ही क्ष तास चाललात तर तो चालला क्ष अधिक दोन. दोघांची वाट सारखी झाली की म्हैस तुमची.” पाटीवर पेन्सिल किरकिरली. “दोन तासांनी, तीन कोसांवर. त्याच्या आधी धावून दमू नका, त्याच्या पुढं जाऊन शोधू नका.”

तीन कोसांवर, शीळ गावाच्या पुढं, एका चिंचेखाली चोर म्हशीची धार काढत बसलेला सापडला. दूध अजून गरम होतं. काळुरामनं आधी ते दूध पिऊन टाकलं आणि मग चोराला मारलं.

त्या दिवसापासून शाळेत पंधरा पोरं झाली. लोक मास्तरांकडं दुखणी आणावी तशी कोडी आणू लागले. मास्तर ऐकून घेत. त्यांची एक रीत होती. माणूस बोलताना भसाभसा बोलतो. त्यात देव येतो, सासू येते, शिव्या येतात, रडणं येतं. ते सगळं गाळून टाकायचं. तळाला दोन-चार आकडे आणि एक न कळलेली गोष्ट उरते. तेवढंच पाटीवर मांडायचं. “शब्दांतला चिखल काढला की खाली समीकरण असतंच,” ते म्हणत. गाळलेल्यात कधी काही कामाचं गेलं असेल, हे त्यांच्या मनात आलं नाही. तोवर तसं झालंच नव्हतं.

काळुरामनंही म्हशीचे उपकार फेडले. त्यानं मास्तरांना भरतीची किल्ली दिली. “तिथी घ्यायची, तिची पाऊनकी करायची. बारावर तेवढे तास गेले की भरती भरली.” एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड. पोरं शाळेत जी पाऊणकी घोकत होती, तिच्यावर अख्खी खाडी चालते हे कळल्यावर मास्तरांना त्या रात्री झोप आली नाही म्हणतात.

आणि मग मार्गशीर्षातली चौथ उजाडली.

मीठ पिकवायच्या आधी खाडीच्या बांधातली उघाडी दुरुस्त करावी लागते. उघाडी म्हणजे बांधातलं दगडी दार. त्यातून भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं, नको तेव्हा अडवायचं. ऐन ओहोटीला, पाणी लांब गेलेलं पाहून नाथा खाडीच्या बाजूनं दाराखाली उतरला आणि पायथ्याची रबडी, म्हणजे पातळ चिखल, उपसू लागला. वरची आडवी शिळा सुटली. ती नाथाच्या उजव्या पायावर, गुडघ्याखाली बसली आणि पायासकट चिखलात रुतली.

हा नाथा म्हणजे पाड्यावरचा पहिल्या नंबरचा तुडव्या. मिठाच्या कोंड्यांचा, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यांचा, तळ पायांनी तुडवून तुडवून असा घट्ट करावा लागतो, की मीठ पांढरं निघावं, मातकट नाही. नाथा तुडवायला उतरला की बाकीचे बांधावर बसून बघत. त्यानं तुडवलेल्या कोंडीत तोंड दिसायचं. मिठागरवाले त्याला दुप्पट धान्य कबूल करून बोलावून नेत, आणि नेत होते ते त्याच्या दोन पायांना.

मास्तर धावत पोचले तेव्हा नाथा कमरेपर्यंत चिखलाच्या खड्ड्यात बसला होता. तोंड राखेसारखं झालेलं. त्याची बायको ठमाबाई त्याच्या मागं बसून त्याला छातीशी धरून होती. चार-पाच जण पहारी घेऊन शिळेशी झटत होते आणि काळुराम त्यांच्यावर ओरडत होता.

“उचलू नका रे! उचलली त वरची भिंत त्याच्या डोचक्यात बसंल! खालून उपसा, खालून!”

नाथानं मास्तरांना पाहिलं. त्याही वेळी त्याची जीभ गप्प बसेना. “मास्तर, पाटी आनली का? हा बघा, तुमचा क्ष हितं दगडाखाली घावला.”

“गप रं तू,” ठमाबाई म्हणाली. “मास्तर, पानी येल. पानी यायच्या आधी ह्यो सुटंल का, तेवढं सांगा. दुसरं कायबी नको.”

मास्तरांनी पाटी मांडीवर घेतली. त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. भोवतीच्या गलक्यातून त्यांनी नवस गाळले, शिव्या गाळल्या, नाथाचं कण्हणं गाळलं. खड्ड्यात एका वेळी दोघांनाच उभं राहायला जागा. दोघं मिळून तासाला वीस टोपल्या रबडी काढतात. पण बाजूची रबडी घसरून तासाला पाच टोपल्या परत आत येते. शिळेखालून पाय निघायला चाळीस टोपल्या जागा व्हायला हवी.

क्ष तास. वीस क्ष बाहेर, पाच क्ष आत. उरले पंधरा क्ष. ते झाले चाळीस. क्ष म्हणजे दोन पूर्णांक दोन तृतीयांश. दोन तास चाळीस मिनिटं.

आता पाणी. खड्ड्याच्या ओठावरून पाणी आत आलं की उपसणं संपलं. मग रबडी काढण्यापेक्षा भरते जास्त. भरतीची खूण भिंतीवर होती, काळी रेघ. खड्ड्याचा ओठ त्या रेघेच्या चार हात खाली. पाणी तीन तासांत चार हात चढतं, असं काळुराम म्हणाला. चौथ, चार पाऊण तीन. तीनला भरती. म्हणजे तीन तास आधी, बाराच्या ठोक्याला, पाणी खड्ड्यात.

मास्तरांनी कोटाच्या खिशातलं घड्याळ काढलं. सासऱ्यानं लग्नात दिलेलं, दर महिन्याला कल्याण स्टेशनवर जाऊन लावून आणलेलं, मिनिटाला न चुकणारं घड्याळ. साडेनऊ वाजले होते.

साडेनऊ आणि दोन तास चाळीस. बारा वाजून दहा मिनिटं.

त्यांनी पुन्हा मांडून पाहिलं. पुन्हा तेच. पाटीवर दहा मिनिटं कमी पडत होती.

“सांगा ना,” ठमाबाई म्हणाली.

“खणा,” मास्तर म्हणाले. “जोरात खणा. मी पुन्हा मोजतो.”

दोन माणसं उतरायची, दमली की दुसरी दोन. मास्तर बांधावर बसून टोपल्या मोजत होते. माणसं जीव तोडून उपसत होती, तरी तासाला वीसच्या एकवीस होईनात, आणि घसरून येणारी रबडी काही ऐकत नव्हती. समीकरण बरोबर होतं. आजवर त्यांना समीकरण बरोबर निघाल्याचा आनंद व्हायचा. त्या दिवशी प्रत्येक टोपलीगणिक ते बरोबर निघत होतं आणि प्रत्येक टोपलीगणिक मास्तर ते चुकलेलं निघावं म्हणून पुन्हा मोजत होते.

कुणी म्हणालं, खड्ड्याभोवती मातीचा कडा घाला. घातला. चिखल चिखलावर उभा राहीना. कुणी म्हणालं, नाथाच्या तोंडात पोकळ बांबू द्या, पाण्याखालून श्वास घेईल. काळुरामनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. भरून ओसरेपर्यंत सहा तास, मार्गशीर्षाच्या पाण्यात, डोक्यावर दोन हात पाणी. बांबूवाला मागं सरकला.

आनंदा सुतार होड्यांच्या कामाला आला होता. तो कधी जाऊन करवत घेऊन आला, कुणी पाठवला, हे कुणीच नंतर सांगितलं नाही. त्यानं करवत गोणपाटाखाली झाकून ठेवली होती. पण गोणपाटातून मूठ दिसत होती, आणि नाथाची नजर तिथंच होती.

घड्याळात साडेअकरा झाले. तीस टोपल्या निघाल्या होत्या. दहा उरल्या. दहा टोपल्यांना चाळीस मिनिटं, पाण्याला तीस.

आनंदा मास्तरांच्या कानाशी आला. “कापायचं त आताच. कापून, तेलानं डागून, बांधून वर काढायला अर्धा तास लागतो. नंतर मी हात लावनार नाय. पान्यात कापला त रगत थांबत नाय.”

काळुराम बांधावर उभा राहून खाडीकडं बघत होता. “पानी अजून लांब दिसतंय, मास्तर.”

“काळुबाबा, पाणी आधी रांगतं आणि मग धावतं, हे मला कुणी सांगितलं?”

“मीच सांगितलं.”

“मग?”

काळुराम खाडीकडं पाठ करून उभा राहिला. जन्मभर ज्या डोळ्यांनी त्यानं खाडी वाचली, त्या डोळ्यांवर त्यानं त्या क्षणी पाटी ठेवली. पाटीनं त्याची म्हैस आणली होती ना.

मास्तर खड्ड्याच्या काठावर बसले. आता गाळायला काही उरलं नव्हतं. “ठमाबाई, दहा मिनिटं कमी पडतात,” ते म्हणाले. “पाटी तसं सांगते.”

“धा मिन्टं म्हंजे किती?”

“तीन टोपल्यांना थोडं कमी.”

नाथा ओरडला. “तीन टोपल्यांसाठी पाय? ठमे, ऐकू नको. ऱ्हाऊ दे मला. पानी आलं त आलं. पाय नसला त मी कोंडीत काय हातानं तुडवू?”

“तू गप.”

“मना इचार ना! पाय माझा हाय!”

“पाय तुजा हाय, कुकू माजं हाय,” ठमाबाई म्हणाली. तिनं त्याचं डोकं आपल्या पदरात गुंडाळलं, घट्ट, म्हणजे त्याला दिसू नये, आणि आनंदाकडं न बघता म्हणाली, “काप.”

बांधावर तेल कढत होतं. त्याचा वास सगळीकडं पसरला. चार जणांनी नाथाचे हात धरले. एकानं त्याच्या दातांत काथ्याचा दोर दिला. आनंदानं गोणपाट बाजूला केलं, पाण्यानं करवत धुतली आणि देवाचं नाव घेतलं. मास्तर तिथून हलले नाहीत. आपण मांडलेलं आपण बघायलाच हवं, असं त्यांना वाटत होतं. आणि डोळे मात्र पाटीवर होते, कारण आकड्यांखेरीज कुठंच बघवत नव्हतं.

करवतीचा पहिला दात कातडीला लागला. लागला म्हणजे टेकला. आणि त्याच वेळी काळुराम ओरडला.

“थांब रं आनंदा! मास्तर, तुमच्या घड्याळात बाराला किती कमी?”

“आता सत्तावीस मिनिटं.”

काळुरामनं चिखलात रोवलेल्या पहारीकडं बोट केलं. “मंग ही सावली बघा. बारा व्हायला आले असते त ती उत्तरेला वळली असती. ही अजून उत्तरेपासनं वीतभर पश्चिमेला हाय. तुमचं घड्याळ कुठल्या सूर्यावर लावलंय?”

मास्तरांच्या हातातली पाटी पडली. कल्याण स्टेशन! रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेवर चालतात, कारण गाड्यांना सगळीकडं एकच वेळ लागते. आणि मद्रासला सूर्य आपल्या अर्धा तास आधी डोक्यावर येतो. पाऊणकीतले तास मात्र इथल्या सूर्याचे, या खाडीचे. मास्तरांनी भरती घेतली ठाण्याची, आणि आत्ताची वेळ घेतली मद्रासची. दोन गावांचे तास एकाच समीकरणात घालून वजाबाकी केली. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण शाळा भरवायला आणि सोडायला एकच घड्याळ पुरतं, तेव्हा ही गोष्ट त्यांनी कधीच चिखलासारखी गाळून टाकली होती.

“अकरा वाजून तीन मिनिटं!” मास्तर किंचाळले. “आत्ता अकरा वाजून तीन मिनिटं झालीत! पाणी यायला जवळजवळ तास आहे! खणा! दहाच टोपल्या!”

आनंदानं करवत अशी भिरकावली की ती खाडीपार जाऊन पलीकडच्या तिवरांत अडकली. माणसं खड्ड्यात कोसळली. एक टोपली, दोन, पाच, आठ. दहावी टोपली निघाली, पहारीनं शिळा बोटभर हलली आणि ठमाबाईनं नवऱ्याला काखेत धरून ओढलं. पाय बाहेर आला. निळा पडलेला, सोलपटलेला, पण पाय. तेव्हा पाणी खड्ड्यापासून दहा पावलांवर होतं. आणि नाथा, बरं का, तसाच उठला, मास्तरांच्या खांद्यावर हात टाकून घरापर्यंत चालत गेला, आणि पुढच्याच महिन्यात नव्या कोंडीत उतरून दोन्ही पायांनी असं काही तुडवलं की कल्याणचे बामण त्या तळात बघून शेंडी बांधायचे. त्यानंतर मास्तरांनी —

“खोटं.”

ऐकणाऱ्यांच्या मागं, ओसरीच्या खांबाला टेकून सुपात तांदूळ निवडत शेवंती बसली होती. नाथाची आणि ठमाबाईची मुलगी. तिचे हात थांबले नव्हते.

“काय खोटं ग?” गोष्ट सांगणाऱ्यानं विचारलं.

“काळुआजानं सावली पायली, हे खरं. घड्याळाचा सवाल केला, ह्येबी खरं. पन कवा केला?” तिनं एक खडा उचलून अंगणात टाकला. “पाय कापून झाला, करवत धुऊन झाली. माज्या बाला डागून वर काढला, बांधावर निजवला. समदी मान्सं खड्ड्याकडं बघत उभी राह्यली, आता पानी येल, मंग येल. आनि पानी येईना. अर्धा तास खड्डा कोरडा होता, आयनं सांगितलंय मला. तवा त्यानं पहारीच्या सावलीकडं बघितलं. तवा इचारलं.”

तिनं सूप एकदा पाखडलं.

“मी ज्या बाच्या मांडीवर वाढले, त्याला पाय एकच होता,” शेवंती म्हणाली. “तुमी तो सवाल उचलून करवतीच्या आधी ठेवलात, एवढंच केलंत.”